सहा खिडक्या आणि एक कात्रण

१

गुरुवारी सकाळी सव्वानऊला न्यायाधीश व्हिटकॉम यांच्या टेबलावर एक राखाडी हॅट उपडी ठेवली होती. तिच्या आतल्या चामड्याच्या पट्ट्यामागून त्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण ओढून काढलं, आणि ज्यूरीवर पहारा ठेवणाऱ्या बेलिफाला म्हणाले, "आजपासून तुम्ही कामावर यायचं नाही. उद्या दुपारी बारा वाजता हजर राहा. वकील आणायचा तर आणा."

हे मला कॅरिगनकडून कळलं. डॅन कॅरिगन म्हणजे आमच्या 'लेक कुरियर'चा कोर्टाचा बातमीदार. तो टेलिफोनसाठीही थांबला नाही, बर्फातून पळतच कचेरीत आला आणि ओव्हरकोट न काढता मजकूर सांगायला लागला.

"डीकन हॉलिस सुटतोय, मंडळी! ज्यूरीतल्या सातव्या माणसाच्या हॅटमध्ये मंगळवारचा आपला पेपर सापडला. तोच लेख, 'डीकनच्या तीन जुन्या शिक्षा'. माझा लेख!"

सगळी खोली उठून उभी राहिली. डीकन हॉलिस दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, म्हणून त्याला डीकन, म्हणजे चर्चचा सेवेकरी, म्हणायचे. उरलेले सहा दिवस तो अख्ख्या क्लीव्हलंडला चोरटी दारू पुरवायचा. नाताळात त्याच्या दारूत विषारी स्पिरिट आलं आणि नऊ माणसं गेली. खटल्याचा सगळा भार ब्रेमर नावाच्या एका साक्षीदारावर होता. तो डीकनच्या भट्टीवरचा मुकादम. त्याचं यकृत संपलं होतं. दोन दिवस खुर्चीत बसवून त्याची साक्ष घेतली होती. खटला पुन्हा पहिल्यापासून चालवायचा झाला तर ब्रेमर तोवर जगणार नव्हता.

आणि कायदा असा, की आरोपीचे जुने गुन्हे ज्यूरीच्या कानावर जाता कामा नयेत. म्हणून तर ती बारा माणसं आणि एक राखीव, असे तेराजण पंधरा दिवस हॉटेलच्या पाचव्या मजल्यावर कोंडून ठेवले होते. त्यांना रोज संध्याकाळी आमच्या पेपरचे सहा अंक मिळायचे, पण आधी बेलिफ त्यांतली खटल्याची प्रत्येक ओळ कात्रीने कापून काढायचा. ज्यूरीची माणसं त्याला 'खिडक्यांचा पेपर' म्हणायची. कापलेले तुकडे शेगडीत जायचे.

"बचावाच्या वकिलाला सकाळच्या टपालात बिननावाची चिठ्ठी आली, टाइप केलेली," कॅरिगन सांगत होता. "सातव्याच्या हॅटमध्ये बघा म्हणून. तो सातवा पिल्चर, पियानोचे सूर लावणारा, शपथेवर सांगतोय की त्याने ते कात्रण पाहिलंही नाही. पण बेलिफने एक तुकडा विकला, हे उघड आहे."

बातम्या तपासणाऱ्या डेस्कवरचे मिस्टर विम पेन्सिल उचलून म्हणाले, "बेलिफचं नाव नीट सांग." तीस वर्षं ते हेच विचारत आले. त्यांच्या हातून आमच्या पेपरात कोणाचं नाव कधी चुकीचं गेलं नाही.

"लोव्रो झुपान."

विम यांची पेन्सिल थांबली. त्यांनी कात्रणांच्या खोलीच्या दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. "आग्नेस, तुझे कोण?"

"सासरे," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "घरी जाऊन ये, बाळ," ते म्हणाले. "तुझं काम मी बघतो."

२

पापा स्वयंपाकघरात कोट घालूनच बसले होते. मांडीवर माझी बेर्टा, दहा महिन्यांची. शेजारच्या कोबलबाईंकडून तिला त्यांनीच आणलं होतं. ती त्यांच्या कोटावरच्या पितळी बिल्ल्याच्या जागी बोट घालत होती. बिल्ला नव्हता, नुसती दोन भोकं होती.

"शोधतेय," पापा म्हणाले. "तिला सांग, काढून घेतला."

मी तिला घेतलं, पाजायला बसले. पापा खिडकीकडे तोंड करून बोलत राहिले. बावीस वर्षं नोकरी. या देशात आले तेव्हा त्यांना 'ऑर्डर, ऑर्डर' एवढंच इंग्रजी येत होतं, आणि तेवढंच लागतं अशी ते थट्टा करायचे.

"पापा, मंगळवारचे सहाही तुकडे जाळलेत?"

"मोजून."

"एखादा हातून निसटला असेल..."

"सूनबाई, मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."

"तसं नाही हो. उद्या न्यायाधीश हेच विचारतील, म्हणून मी आज विचारते."

ते वळले. जरासे हसलेसुद्धा. "विचार मग. वकिलासारखी विचार."

"त्या मजल्यावर कोण कोण येतं?"

"सकाळी सातला न्हावी, लिंडक्विस्ट. माझ्या डोळ्यांसमोर दाढ्या करतो. हॅटा तेव्हा खोल्यांत असतात आणि खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. जेवण दारातून आत येतं. बस. हां, बुधवारी ब्रेमरला बरं नव्हतं म्हणून कोर्ट बंद होतं, तेव्हा न्यायाधीशांच्या परवानगीने तुमच्या पेपरचे दोघं आले. गच्चीवर ज्यूरीचा फोटो काढला."

"तुम्ही कुठे होता?"

"जिन्याच्या दाराशी. बाहेरचं कोणी वर येऊ नये म्हणून. त्या नावं लिहून घेणाऱ्याने तेराही जणांना दोन-दोनदा नाव विचारलं. मला नाही विचारलं," पापा म्हणाले. "आता बघ, माझंच नाव पहिल्या पानावर येणार."

नावं लिहून घेणारा म्हणजे कॅरिगनच, असं मी धरून चालले. लेख त्याचा, गच्चीवर तो. खटला मोडला असता तर पुन्हा चालला असता, आणि पुन्हा महिनाभर पहिलं पान त्याचंच. माझ्या मांडीवर बेर्टा झोपून गेली होती आणि मला तिला खाली ठेववत नव्हतं. पण कात्रण बघितल्याशिवाय काही समजणार नव्हतं.

"उद्या काय होईल?" मी विचारलं.

"तुरुंग," पापा म्हणाले. मग बेर्टाला माझ्याकडून अलगद घेत म्हणाले, "जा तू. ही उठली तर मी तिला 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणेन."

३

न्यायाधीशांच्या कारकून मिस आर्डेल ताठ मानेच्या बाई होत्या. मी खोटं काही सांगितलं नाही. म्हटलं, "मी 'कुरियर'च्या कात्रणांच्या खोलीत काम करते. हे आमच्याच अंकातलं आहे का, ते मी ओळखू शकते. आणि आधीच सांगते, बेलिफ माझे सासरे आहेत."

"मग मी तुम्हाला ते का दाखवावं?"

"कारण मी काय बोलते ते तुम्ही स्वतः पडताळून बघू शकाल. माझ्या शब्दावर विसंबायचं कारणच नाही."

त्यांनी कपाट उघडलं. कात्रण त्यांनी स्वतःच्या हातात धरलं.

लोक कात्रण वाचतात. आम्ही ते आधी उलटं करतो. माझ्या खोलीत रोज दीड-दोनशे कात्रणं पाकिटांत जातात. मागची बाजू बघितल्याशिवाय पाकिटावर आवृत्ती लिहिता येत नाही.

"उलटं कराल का?" मी म्हटलं.

मागे अंड्यांचे आणि वाळलेल्या गवताचे भाव होते. वूस्टरच्या बाजारातले.

"मिस आर्डेल, ज्यूरीचे मंगळवारचे अंक तुम्ही जप्त केलेत ना? ते बघू या."

सहा अंक, सहा खिडक्या. आम्ही ते टेबलावर मांडले. पापांची कात्री पोरांच्या शाळेतल्यासारखी बोथट टोकांची. कोर्टाचा नियमच तसा, ज्यूरीच्या मजल्यावर टोकदार काही न्यायचं नाही. त्यामुळे प्रत्येक खिडकीचे कोपरे गोल आलेले, आणि लेखाबरोबर शेजारच्या मजकुराची पाव इंच पट्टीही कापलेली. एक ओळ राहण्यापेक्षा चार जास्त गेलेल्या बऱ्या, ही पापांची रीत.

"ठेवा," मी म्हणाले.

मिस आर्डेलनी कात्रण पहिल्या खिडकीवर ठेवलं. ते आतून सगळीकडे अपुरं पडलं. दुसऱ्या खिडकीत तेच, तिसरीत तेच. मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर खिडकीच्या कडेला उरलेले अर्धे शब्द नाटकांच्या जाहिरातींचे होते. गवताचा पत्ता नव्हता.

"आमचा अंक दिवसातून दोनदा छापतात," मी सांगितलं. "सकाळी साडेदहाला डाक आवृत्ती, ती रेल्वेने खेड्यापाड्यांत जाते. तिच्यात दुसऱ्या पानावर शेतमालाचे भाव. दुपारी ते काढून तिथे नाटकं, सिनेमे टाकतात, ती शहर आवृत्ती. हॉटेलात फक्त शहर आवृत्ती येते. हा तुकडा पापांच्या कात्रीखाली कधी आलाच नाही."

मिस आर्डेलनी गवताचे भाव स्वतः वाचून पाहिले. चेहरा जरा सैलावला. मग पुन्हा ताठ झाला.

"डाक आवृत्ती शहरात विकत मिळते?"

"नाही."

"मग शहरात ती कुठे असते?"

उत्तर माझ्या तोंडातून निघायच्या आधी मला कळलं होतं, पण ते गिळण्यात अर्थ नव्हता.

"आमच्या कचेरीत," मी म्हणाले. "डेस्कवर आणि माझ्या खोलीत."

"म्हणजे बेलिफाच्या सुनेकडे," मिस आर्डेल म्हणाल्या, आणि कात्रण कपाटात ठेवून त्यांनी किल्ली फिरवली.

४

पापांना सोडवायला गेले आणि दोरीची गाठ आणखी घट्ट करून आले. ट्राममध्ये बसून मी डोळे मिटले आणि ते कात्रण पुन्हा समोर आणलं.

त्याच्या कडा!

मी कापते तेव्हा लांब कात्रीने, चिकटवायला पांढरा समास सोडून. पापा कापतात ते गोल कोपऱ्याने. या कात्रणाच्या कडा दोरीसारख्या सरळ, कोपरे काटकोनात, पण कडेला बारीक लव होती. कात्री लव काढत नाही. पोलादी पट्टी कागदावर दाबून धरायची आणि कागद वर ओढून फाडायचा, तेव्हा लव येते. शहरात असं फाडणारी एकच जमात आहे, पेपरवाल्यांची, आणि मी तिच्यातच नोकरी करते.

माझ्या खोलीतल्या मंगळवारच्या दोन्ही डाक प्रती मी आधी तपासल्या. एक बांधणीसाठी अखंड, दुसरीतलं कात्रण पाकिटात, शिक्क्यासकट. म्हणजे प्रत बाहेरच्या डेस्कवरची.

कॅरिगन टेबलावर पाय टाकून सँडविच खात होता.

"काय कात्रणवाल्या बाई, सासरे काय म्हणतात?"

"तुमची आठवण काढत होते. बुधवारी गच्चीवर भेटलात म्हणे."

"मी? बुधवारी मी दिवसभर हॉस्पिटलात ब्रेमरच्या दाराबाहेर बसलो होतो. नर्सला विचारा. ती मला वैतागून कॉफीसुद्धा देईना."

"तुमच्या लेखाची डाक आवृत्तीतली प्रत आहे तुमच्याकडे?"

"डाक आवृत्ती?" तो हसला. "बाई, ती छापून येते तेव्हा मी कोर्टात असतो. चार वर्षांत मी ती हातात धरलेली नाही. अंड्यांचे भाव माझी बायको सांगते मला, रोज, ओरडून." मग हसू थांबवून तो नीट बसला. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय."

"हो."

"बरं. घ्या. पण माझा लेख चोरून कोणाला द्यायचा असता, तर मी माझं नाव वगळून फाडला असता का? पाहिलाय मी तो तुकडा. नावाची ओळच नाही त्यावर."

हे मला सुचलंच नव्हतं. "मग गच्चीवर कोण गेलं होतं?"

"फोटोला टटल. नावं लिहून घ्यायला कोण, ते त्यालाच विचारा."

टटल तळघरातल्या फोटोच्या खोलीत होता. त्याची दहाही बोटं औषधाने तपकिरी, आणि ज्याला हात लावेल त्याच्यावर ठसा. दाराच्या मुठीवर ठसे, डब्यावर ठसे. कात्रण मात्र स्वच्छ होतं. तरी मी विचारलं.

"हॅटा? मी कशाला काढायला सांगू?" तो म्हणाला. "आभाळ होतं. ऊन असलं तर हॅटची सावली तोंडावर पडते, आभाळात काय? पण म्हाताऱ्याचा हट्ट. म्हणे चेहरे नीट दिसले पाहिजेत. एक हॅटा घालून काढला, एक हॅटा काढून. हा बघा दुसरा."

ओल्या फोटोत तेरा बोडकी डोकी थंडीने आखडून उभी होती. उजव्या कडेला चौकटीत अर्धा माणूस आला होता, दोन्ही हातांवर हॅटांची चळत घेऊन, बेकरीतल्या पावांसारखी. छापताना तो कापला जाणार होता, म्हणून टटलने त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

चेहरा अर्धाच होता, पण चष्मा मी ओळखला. सकाळी तो पुसताना मी पाहिला होता.

५

शुक्रवारी साडेदहाला खालून छापखान्याची धडधड वर आली आणि डाक आवृत्तीचा पहिला गठ्ठा डेस्कवर पडला. मी मिस्टर विम यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्यांनी अंक उलगडला, पोलादी पट्टी मजकुराच्या कडेला लावली आणि एका झटक्यात कागद वर ओढला. दुपारच्या आवृत्तीसाठी सुधारायच्या बातम्या ते अशाच काढायचे, तीस वर्षं. कडेला लव होती.

"मिस्टर विम," मी म्हटलं, आणि टटलचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी तो पाहिला. मग स्वतःच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची होती.

"कात्री घ्यायला हवी होती," ते हळूच म्हणाले. "मनात आलंच नाही बघ. हात आपला आपण गेला."

"आणि डाक आवृत्ती?"

"ती समोर होती. माझ्यासमोर तीच असते."

मला राग यायला हवा होता. माझ्या बेर्टाला दात येत होते तेव्हा या माणसाने स्वतःच्या बायकोच्या हातचे कडक टोस्ट रुमालात बांधून आणले होते.

"का?" मी विचारलं.

"लाइल," ते म्हणाले. लाइल त्यांचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. "डीकनची गाडी चालवतो. मला डिसेंबरात कळलं. गेल्या आठवड्यात एक माणूस घरी आला, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसला. म्हणाला, डीकन आत गेला तर ड्रायव्हर तळ्यात जाईल. एरी तळ्यावर बर्फ पातळ आहे म्हणाला. माझी बायको त्याला कॉफी वाढत होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या पोरीबद्दल कोणी असं म्हटलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

याचं उत्तर मी रात्रीपासून शोधत होते, कारण ते असंच काहीतरी विचारणार, हे मला वाटत होतं.

"माहीत नाही," मी खरं ते सांगितलं. "कदाचित हेच. पण मग ज्याच्यावर ते ढकललं, त्याच्या सुनेला 'बाळ' म्हणून घरी पाठवलं नसतं."

त्यांचे खांदे खाली आले. "मला माहीत नव्हतं. मला वाटलं बेलिफ म्हणजे बेलिफ. कॅरिगनने नाव सांगितलं तेव्हा... क्लीव्हलंडमध्ये तीनशे झुपान असतील, तरी मी विचारलं. गच्चीवर तेराजणांना दोनदा विचारलं, आग्नेस. त्याला एकदाही नाही."

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"बाराला पापांना तुरुंगात पाठवतील," मी म्हणाले. "मी हा फोटो घेऊन जाणारच आहे. तुम्ही माझ्याबरोबर आलात, तर लाइल कुठे राहतो ते न्यायाधीशांना आधी सांगता येईल. अंक चारला निघतो. तोवर त्याला पोलिसांकडे सुखरूप नेता येईल. नंतर नाही."

ते उठले. खुंटीवरचा कोट त्यांना सापडेना. तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मी काढून दिला.

६

व्हिटकॉम यांनी विम यांचं सगळं ऐकलं, बंद दाराआड. पहिलं काम त्यांनी केलं ते दोन माणसं लाइलला आणायला पाठवण्याचं. सव्वाबाराला तो आला, एका मोज्यात, झोपेतून ओढून आणलेला, आणि बापाला बघून आधी चिडला, मग रडला. मी खिडकीकडे बघत राहिले.

मग न्यायाधीशांनी पिल्चरला पुन्हा शपथेवर विचारलं. त्याने हॅटच्या पट्ट्यामागे बोटही घातलेलं नव्हतं. हॅट त्याला मुळातच घट्ट होत होती. तरी त्याला घरी पाठवून राखीव माणूस त्याच्या जागी घेतला. खटला चालू राहणार होता. बचावाचे वकील तासभर ओरडले. डीकन मात्र नुसता दाराकडे बघत राहिला. आठ दिवसांनी त्याच ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. ब्रेमर तेव्हा जिवंत होता.

पण पापांचं सांगायचं राहिलं.

न्यायाधीशांनी बिल्ला परत दिला. माफी मागितली, तीही उभं राहून. मिस आर्डेलनी तो स्वतःच्या हाताने त्यांच्या कोटाला लावला आणि वाकडा लावला. आणि मग न्यायाधीश म्हणाले, "मिस्टर झुपान, एक अडचण आहे. आजपासून ज्यूरीला पेपर बंद. काय घडलं ते त्यांना निकालापर्यंत कळता कामा नये. तुम्ही काही सांगायचं नाही. त्यांनी काही विचारायचं नाही. त्यांनी काल तुम्हाला पोलिसाबरोबर जाताना पाहिलंय. हे तुम्हाला जड जाणार असेल, तर दुसरा बेलिफ नेमतो."

"पाचव्या मजल्यावर माझी बारा माणसं आहेत," पापा म्हणाले. "जेवणाची वेळ होत आली."

पुढचं मला पापांनीच सांगितलं, निकालानंतर, आंबट कोबीचं सूप पिताना.

ते गेले तेव्हा ज्यूरी जेवायला बसली होती. दार उघडल्याबरोबर सगळ्यांचे चमचे थांबले. चोर म्हणून गेलेला माणूस बिल्ला लावून दारात उभा, आणि तोंडातून शब्द काढायची सोय नाही. ज्यूरीचा प्रमुख डोर्सी, खिळ्यांच्या कारखान्यातला थोराड माणूस, त्याने पापांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हाला आम्ही काही विचारायचं नाही म्हणे," डोर्सी म्हणाला.

"नाही."

"आणि तुम्ही काही सांगायचं नाही."

"नाही."

डोर्सीने जरा विचार केला. मग पायाने शेजारची खुर्ची टेबलाबाहेर ढकलली.

"मग उभे काय राहिलात?" तो म्हणाला. "बसा. आणि या स्वयंपाक्याला तेवढं मीठ आणायला सांगा. काल तुम्ही नव्हतात, तर आमचं कोणी ऐकेना."